भजन स्पर्धेचा अर्ज बांधून देणाऱ्या बायेस

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

नाव घालू नका असं तू बजावलंयस, म्हणून फोंड्यातल्या झेरॉक्सच्या दुकानातली बाय एवढीच ओळख देतो. आमच्या भजन स्पर्धेचा प्रवेश अर्ज तू वर्डमध्ये नव्याने बांधून दिलास, त्याबद्दल मंडळातर्फे हे जाहीर आभार.

आधीचा अर्ज तुला आठवत असेलच. नावापुढे अंडरस्कोरची लांबलचक रेघ. तिच्यावर कोणी टाइप करू लागला की रेघ पुढे सरकायची, ओळ तुटायची आणि पखवाजवादक हार्मोनियमवाल्याच्या जागी जाऊन बसायचा. तू रेघा काढून बिनचौकटीचा तक्ता घातलास, डेव्हलपर टॅब उघडलास (तो मुळात दिसतच नाही, ऑप्शन्समध्ये जाऊन चालू करावा लागतो) आणि रकान्यारकान्यात कंटेंट कंट्रोल, म्हणजे मजकूर भरायच्या ठरावीक जागा, बसवलेस. अक्षरं युनिकोडमध्ये, त्यामुळे पेडण्याहून आलेला अर्ज इथे उघडला तरी गिचमिड होत नाही.

तालुक्याची ड्रॉपडाउन यादी मला सगळ्यात आवडली. कोणी फोंडा लिही, कोणी पोंडा, एक बुवा तर हटकून अंत्रुज, म्हणजे फोंड्याचंच जुनं नाव. धारबांदोडा वेगळा होऊन इतकी वर्षं झाली, तरी तिथले काही जण सांगेच लिहीत. आता गोव्याचे बाराही तालुके यादीत आहेत, नुसतं निवडायचं. तालुकावार फेऱ्या लावायला बसलं की याची किंमत कळते.

कुमार गटासाठी जन्मतारीख लागते. तिथे कॅलेंडर हवंच, असा आमच्या खजिनदारांचा आग्रह. तू म्हणालीस, "काका, एकेक महिना मागे जात २०१२ गाठेपर्यंत पोर कंटाळेल." मग साधा रकाना ठेवून आत फिकट अक्षरांत तारखेचा नमुना घातलास. हा फिकट मजकूर रिकामा अर्ज छापला तर कागदावरही उमटतो, हे तुझ्या आधीच ध्यानात होतं. म्हणून हाताने भरणाऱ्यांसाठी रेघांची वेगळी प्रत दिलीस. आमचे बरेचसे बुवा अजून पेनानेच भरतात गं! पैसे मात्र नुसत्या टायपिंगचे घेतलेस.

शेवटी रिस्ट्रिक्ट एडिटिंगमधून फक्त रकाने भरण्याचीच मुभा ठेवलीस. आता स्पर्धेचे नियम कोणाला खोडता येत नाहीत. टेम्प्लेट म्हणून जपल्यामुळे फाइलवर डबल क्लिक केलं की नवी प्रत निघते, मूळ अर्ज शाबूत. पासवर्ड मात्र घातला नाहीस. "उद्या सचिव बदलले, तर त्यांनी कोणाकडे जायचं?" हा तुझा प्रश्न. सचिव मीच आहे, तरी पटला.

आता फुगडी स्पर्धेचा अर्जही असाच हवा, असं अध्यक्ष म्हणतात. तुझ्या दुकानाचा पत्ता मी त्यांना अजून सांगितलेला नाही. गणपतीची चवथ उरकली की सांगतो.

तुझा,
भजनी मंडळाचा सचिव