कार्ड एकाचं, ट्रिप चौघांची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला क्रेडिट कार्डाच्या रिवॉर्ड पॉइंट्सवर परदेशवारी करायचा लेख वाचला. लेख छान होता, पण लिहिणारे बहुतेक एकटेच फिरत असावेत असं वाटलं. आम्ही चौघं मित्र नुकतेच असेच जाऊन आलो म्हणून हे पत्र.

आमच्यातल्या एकाकडे भारीतलं क्रेडिट कार्ड आहे आणि तो महिनाभर सांगत होता की एअरपोर्टवर लवकर या, लाउंजमध्ये बसू, ट्रिप तिथूनच सुरू. आम्ही आपले फ्लाइटच्या चार तास आधी हजर. चेक-इन, इमिग्रेशन सगळं उरकून लाउंजच्या दारात गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी कार्ड स्वाइप केलं, आमच्या चौघांकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, कार्डहोल्डर आणि एक गेस्ट. बाकीच्या दोघांचे पैसे भरायचे असतील तर भरा. मग दारातच गंमत सुरू झाली, कुणी आत जायचं, तू जा, नाही तू जा, मागे लाइन वाढतेय, शेवटी चिठ्ठ्या टाकायच्याच बाकी होत्या. दोघं आत गेले आणि मी चौथ्या मित्रासोबत बाहेर चार्जिंगच्या प्लगजवळ जमिनीवर बसलो. आतून फोटो येत होते हे वेगळं सांगायला नको.

चूक आमचीच, अटी वाचल्या नव्हत्या. पण नंतर वाचलं तेव्हा कळलं की एअरलाइन्सच्या स्वतःच्या मेंबरशिपमध्येही असंच आहे. स्टार अलायन्स, वनवर्ल्ड, स्कायटीम या एअरलाइन्सच्या मोठ्या आघाड्या, तिन्हीकडे वरच्या दर्जाच्या मेंबरला साधारण एकच पाहुणा आत नेता येतो. आणि त्यात नवल काय, १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ॲडव्हांटेज हा पॉइंट्सचा मेंबरशिप प्रोग्रॅम आणला तो कामासाठी सारखा उडणारा माणूस आपल्याकडे टिकावा म्हणून, मित्रांच्या टोळक्यासाठी नाही. जास्तीची बॅग, आधी बोर्डिंग हेही बऱ्याचदा ज्याच्या नावावर मेंबरशिप त्याचंच.

तिकिटांचं त्याहून अवघड. पॉइंट्सवर देण्यासाठी एअरलाइन मोजक्याच सीट ठेवते, त्यामुळे चौघांना एकाच फ्लाइटला मिळणं कठीण. आम्हाला दोनच मिळाल्या, बाकी दोन पैसे देऊन काढल्या. बरं, चार सीट एकदम सर्च केल्या आणि स्वस्तातल्या तीनच उरल्या असतील तर बऱ्याच वेळा सिस्टिम चारही महाग दाखवते, म्हणून एकेक करूनही बघायचं हे त्या लेखात हवं होतं. शिवाय कार्डाचे पॉइंट्स एअरलाइनकडे ट्रान्सफर केले की सहसा परत येत नाहीत, म्हणजे आधी सीट बघायची आणि मगच ट्रान्सफर. हे मात्र आमच्या मित्राला माहीत होतं, त्याला मार्क द्यायला हवेत.

दोन वेगळ्या बुकिंगचा अर्थ आम्हाला कनेक्टिंग फ्लाइट रद्द झाल्यावर समजला. एअरलाइनच्या लेखी आम्ही चौघं एकत्र नव्हतोच, दोन पीएनआर (बुकिंग नंबर) म्हणजे दोन वेगळे ग्रुप, दोघांना संध्याकाळची फ्लाइट आणि दोघांना दुसऱ्या दिवशी सकाळची. काउंटरवर तासभर विनवण्या केल्यावर एकत्र बसवलं, तेही सीट शिल्लक होत्या म्हणून.

आणि 'फुकट' हा शब्द तर छापूच नका हो. पॉइंट्सच्या तिकिटावरही टॅक्स असतो, काही एअरलाइन्स वर फ्युएल सरचार्जही लावतात, आणि तो आकडा बघून आमचे डोळे पांढरे झाले होते. कार्डावरच्या ट्रॅव्हल इन्शुरन्सचंही बघून घ्यावं, बऱ्याचदा तिकीट त्याच कार्डावर काढलं असेल तरच तो लागू होतो आणि सोबतच्या मित्रांना तर बहुतेक वेळा नाहीच.

पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा पाहुणे किती चालतात, पॉइंट्सची तिकिटं आणि पैशांची तिकिटं वेगळी काढली तर काय होतं, एवढी तरी चौकट टाका. जमलं तर अजून एक सांगा, मित्राच्या पॉइंट्सची किंमत किती धरायची? तो म्हणतो तेवढ्याच सीटचं रोख भाडं वजा टॅक्स, म्हणजे जवळपास पूर्ण तिकीट. आम्ही म्हणतो पॉइंट्स तर तुला खर्च केल्यावर आपोआप मिळालेत. ट्रिप संपून महिना झाला, हिशोब अजून ग्रुपवर चालूच आहे.

आपला,
लाउंजच्या बाहेर बसलेला एक वाचक