पावसाळी रानात आग पेटवताना

महोदय,

कणकुंबी-जांबोटीच्या रानात पावसाळ्यात फिरणारे हल्ली काडेपेटीऐवजी फेरो रॉड, म्हणजे पात्याने खरवडली की ठिणग्या पाडणारी धातूची कांडी, घेतात. चांगलं आहे, तो भिजला तरी पुसून चालतो. पण पुष्कळांची आग पेटत नाही, आणि दोष रॉडचा नसतो.

नव्या रॉडवरचा काळा थर आधी खरवडून काढावा लागतो. तोवर ठिणगी पडतच नाही. पातं पुढे रेटलं की ठिणगी धरायला रचलेला कापूस उधळतो. म्हणून पातं कापसाजवळ स्थिर धरा आणि रॉड मागे ओढा. सुरीची धार वापरू नका, तिच्या पाठीची काटकोनी कड पुरते.

लिंबाएवढ्या कापसाला हरभऱ्याएवढं व्हॅसलीन चोळा. कापूस पूर्ण माखला तर ठिणगी धरत नाही. पिंजून कोरडे तंतू वर काढावेत. एवढा गोळा काही मिनिटं जळतो. आपला देवघरातला कापूरही उत्तम, फक्त घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, नाहीतर उडून जातो.

खरी अडचण लाकडाची. जमिनीवरचं ओलं सरपण गोळा करून धूरच होतो. वाळकं, मनगटाएवढं लाकूड कोयत्याने फोडा. आतला गाभा बहुधा कोरडा मिळतो. त्याच्या काडीएवढ्या ढलप्या मूठभर आधीच तयार ठेवा.

भीमगड अभयारण्यात आग नकोच. इतरत्रही वनखात्याची परवानगी हवी. विझवताना पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा ओता. हाताला गार लागेपर्यंत जागा सोडू नका.

– एक वाचक, खानापूर