उंच चिमणीने गंधक घटत नाही

कोळशावरील बहुतांश वीजकेंद्रांना सल्फर डायऑक्साइड (कोळशातील गंधक जळून होणारा वायू) रोखणाऱ्या यंत्रणेतून सूट देणाऱ्या केंद्राच्या जुलै २०२५ च्या अधिसूचनेचे समर्थन करणारा लेख वाचला. कोळशात गंधक कमी आणि चिमण्या उंच, म्हणून यंत्रणा नको, हा युक्तिवाद पटला नाही. आपल्या कोळशात गंधक कमी, हे खरे. पण उष्मांकही कमी, त्यामुळे तेवढ्याच विजेसाठी कोळसा जास्त जळतो. देशात या वायूचा सर्वांत मोठा स्रोत वीजकेंद्रेच आहेत. उंच चिमणीने वायू पांगतो, घटत नाही. हवेत त्याचे सूक्ष्म सल्फेट कण बनून शेकडो किलोमीटर जातात. एप्रिल २०२० पासून डिझेलमधील गंधक ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाख भागांत १० भाग) आले, तेव्हा वाहनधारकांना अशी सूट मिळाली नव्हती! सांगली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे. पण रस्त्यांवर पाणी मारून आणि पाचट जाळणे थांबवून बाहेरून येणारे सल्फेट कसे रोखणार?

– एक वाचक, सांगली