काकू, तुमच्या तपकिरी बाटलीबद्दल

काकू, साष्टांग नमस्कार.

पुदिन्याची, तुळशीची काडी पाण्यात ठेवली की मुळं फुटतात हे जो तो सांगते. काडी का सडली, असं विचारलं की मात्र सगळे हात वर करतात. एका रोपवाटिकेत तर मुळं फुटायची पावडर गळ्यात मारली, 'पाण्यात चिमूटभर टाका' म्हणून. ती पावडर काडीच्या टोकाला लावून रेतीत खोचायची असते, पाण्यात धुऊन जाते. एवढं सांगायला त्याच्या काय बापाचं जात होतं?

तुम्हाला काही विकायचं नव्हतं, तरी हातची निंदणी सोडून बसल्या. काडी चार-पाच इंचांची, डोळ्याच्या, म्हणजे पान फुटते त्या गाठीच्या, अगदी खाली कापायची, कारण मुळं डोळ्यापाशीच आधी सुटतात. खालची पानं खुडायची. पाण्यात बुडालेलं पान कुजते आणि काडीलाही घेऊन जाते. तुळशीची मंजिरी आधीच काढायची, नाहीतर काडीचा जोर फुलातच जिरते.

आणि मग खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली, घासूनपुसून, लेबल सोलून हातात ठेवली. साध्या ग्लासात उजेड शिरते, शेवाळ धरते. तपकिरी काचेत तसं होत नाही. तोंड निमुळतं, म्हणून काडी उभी आणि पानं कोरडी. मुळं इंच-दीड इंच झाली की काढायची, जास्त वाढली तर बाटलीच्या गळ्यातच तुटतात, हेही बजावलं. मागितली नसताना लेबलाचा चिकटासुद्धा खरवडून कोण देते हो? गावात अशी माणसं आहेत आणि त्यांना त्याचं काही वाटतही नाही.

वैशाखात पारा 45 ला टेकला की बाटली खिडकीत नको, माठाच्या तिवईखाली ठेवायची. गरम पाण्यात हवा कमी मुरते, मग काडी बुळबुळीत होते. पाणी एक दिवसाआड बदलायचं; वास आला तर तेव्हाच. पुदिना आठ-दहा दिवसांत मुळं सोडते, तुळस जरा वेळ घेते.

कुंडीत नुसती काळी माती नको. सुकली की भेगाळते आणि पाण्यात वाढलेली ठिसूळ मुळं तटकन तुटतात. निम्मी रेती, मूठभर कुजलेलं शेणखत, आठवडाभर सावली आणि ओल.

गोडनिंबाची, म्हणजे कढीपत्त्याची, काडी पाण्यात सहसा फुटत नाही, हे तुमचंच म्हणणं. पाऊस लागला की तुमच्या झाडाच्या मुळाशी आलेला फुटवा न्यायला येतो.