भोकं पाडायच्या आधी कागदावर चित्र काढा!

माननीय संपादक,

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचे फोटो आले होते ते मुलांची मेहनत बघून छान वाटले, पण भिंग घेऊन बघितलं तर इलेक्ट्रॉनिक्सच्या जवळजवळ प्रत्येक प्रकल्पाच्या डब्यावर नॉब, म्हणजे फिरवायचं बटण, एकीकडे आणि त्याचे आकडे दुसरीकडे. सर्किट चालतंय म्हटल्यावर डब्याकडे कोण बघतं, असं मुलांना वाटत असेल आणि त्यांना शिकवणाऱ्यांनाही. मला हे पटत नाही म्हणून लिहितोय.

मी घरी एलएम३१७ वर, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करता येणाऱ्या आयसीवर, पॉवर सप्लाय केला होता, २४० ओहमचा रेझिस्टर आणि ५ के चा (५००० ओहमचा) पॉट, म्हणजे नॉबने फिरवायचा रेझिस्टर, त्यामुळे सव्वा व्होल्टपासून साधारण २७ पर्यंत मिळायचे. डायल सुंदर काढली होती. पण पॉटच्या अंगाला शाफ्टच्या (नॉब बसतो त्या दांड्याच्या) बाजूला जी छोटी पत्र्याची जीभ असते ना ती मी पक्कडीने मोडून टाकली, सगळे मोडतात, कारण तिच्यासाठी आणखी एक ३ मिमीचं भोक पाडावं लागतं आणि ते कोण पाडणार. ती जीभ पॉटला जागेवर गोल फिरू देत नाही, तिचं कामच ते. मी काम झालं की नॉब डावीकडे टोकापर्यंत जोर देऊन फिरवायचो, हळूहळू नट ढिला झाला आणि अख्खा पॉटच साधारण ३० अंश डावीकडे फिरला. पॉट एकूण ३०० अंश फिरतो, त्यात २६ व्होल्ट म्हणजे ३० अंशाला अडीच व्होल्टपेक्षा जास्त! नॉब ५ वर होता, बाहेर साडेसात येत होते, आणि त्याला जोडलेल्या एटीमेगा३२८ या मायक्रोकंट्रोलर चिपला ६ च्या वर सहन होत नाही. चिप गेली, तिच्यावरचं दोन महिन्यांचं काम थांबलं. तेव्हापासून पॅनेलवरचा आकडा मी सर्किटचाच भाग धरतो.

खरं तर हे नीट करणं फार अवघड नाही, फक्त क्रम उलटा असतो लोकांचा. आधी अंदाजाने भोकं, मग त्याला जुळेल तसं स्टिकर. त्यापेक्षा आधी इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅनेलचं एकच चित्र काढा, त्यातून दोन प्रिंट घ्या. पहिल्या प्रिंटवर फक्त भोकांच्या मध्याच्या फुल्या, तो कागद पत्र्यावर चिकटवून फुलीवर पंच मारा, आधी २ मिमीचं ड्रिल मग मोठं, म्हणजे बिट घसरत नाही. साध्या पॉटच्या आट्याला ७ मिमीचं भोक पुरतं, तिथे ८ चं पाडलंत की पॉट अर्धा मिमी कुठेही सरकणार. दुसरी प्रिंट आकड्यांची, ती सगळ्यात शेवटी.

आणि प्रिंट! झेरॉक्सच्या दुकानात स्टिकर शीटवर काढायला दिलं की तिथे 'फिट टू पेज' (पानात बसवायला चित्र लहानमोठं करणं) आधीपासून टिक केलेलं असतं. माझी १०० मिमीची रेघ ९७ आली होती, म्हणजे १५० मिमीच्या पॅनेलवर साडेचार मिमी चूक, शेवटचा नॉब थेट शेजारच्या नावावर. म्हणून चित्राच्या कोपऱ्यात १०० मिमीची रेघ ठेवायचीच आणि दुकानातून निघायच्या आधी स्टीलच्या पट्टीने मोजायची, 'ॲक्च्युअल साइज' म्हणून सांगायचं. इतकं करूनही भोक सरकलंच तर पत्रा तसाच स्कॅनरवर पालथा ठेवा, स्कॅन चित्राखाली घ्या आणि आकडे भोकाकडे सरकवा, भोक काही आकड्याकडे सरकणार नाही.

डायल काढायची तर मुलांना घड्याळ दाखवा, यासारखी सोपी गोष्ट नाही. साधा पॉट ३०० अंश फिरतो आणि घड्याळाचा एक तास ३० अंशांचा, म्हणजे ७ वाजता ०, १२ वाजता ५, ५ वाजता १०, सगळे आकडे बरोबर तासांवर येतात. कोनमापक सुद्धा लागत नाही. पण हे आवाजासारख्या गोष्टीला चालतं, व्होल्टेजला असं नाही करायचं, तिथे मल्टिमीटर लावून ५ व्होल्ट दिसेपर्यंत फिरवायचं आणि तिथेच पेन्सिलची खूण, कारण पॉटच्या किंमतीत २० टक्के इकडेतिकडे चालतं आणि गणिताचा आकडा प्रत्यक्षाशी जुळत नाही. नॉबचं नाव वर लिहा, खाली नको, डबा टेबलावर असतो आणि आपण वरून बघतो तेव्हा खालचं नाव नॉबच झाकतो. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्यायला गेलात तर पॉट आणि नॉब एकत्रच घ्या आणि तिथेच बसवून बघा. १८ दातांचा शाफ्ट असेल तर नॉब २० अंशांच्या पायरीनेच बसतो, मधे कुठे नाही! गोल शाफ्ट आणि ग्रब स्क्रूवाला (बाजूने छोटा स्क्रू आवळायचा) नॉब बरा, डावीकडे टोकाला नेऊन ० वर ठेवा, स्क्रू आवळा, मग उजव्या टोकाला १० येतंय का बघा.

माझी विनंती दोन गोष्टींची. प्रदर्शनाच्या परीक्षकांनी एकदा मल्टिमीटर लावून नॉब खरं सांगतोय का बघावं आणि त्याला मार्क द्यावेत. आणि तुमच्या रविवारच्या मुलांच्या पानावर एक रिकामी डायल छापा, मुलं कापून चिकटवतील. माझ्याकडचं चित्र सोबत पाठवतोय, कोपऱ्यात १०० मिमीची रेघ आहे, छापण्याआधी कृपया पट्टी लावून बघा.

आपला,
इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेला एक वाचक, मिरज