खांद्यावरची गाठ

अंबाजोगाई,
पौष शुद्ध पंचमी

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. येळवशीच्या सणाला आमच्या शेतात येऊनही तू आंबिलीवरच भागवलेस आणि भज्जीला हात लावला नाहीस, याचा उलगडा आता झाला. खांद्यावरची चरबीची गाठ जिरावी म्हणून चार महिने तेलतूप सोडलेस, वजन सहा किलो उतरले, आणि गाठ मात्र आहे तेवढीच राहिली, म्हणून तू धास्तावला आहेस. जीवशास्त्र शिकवण्यात माझी पंचवीस वर्षे गेली, तेव्हा जरा विस्ताराने लिहितो.

उपासाने चरबीच्या पेशी नाहीशा होत नाहीत, त्या आतून रित्या होतात. अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या कार्बन-१४ चा माग पेशींच्या डीएनएमध्ये काढून २००८ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले की, प्रौढ माणसात या पेशींची संख्या जवळजवळ स्थिर असते. दरवर्षी सुमारे १० टक्के मरतात आणि तेवढ्याच नव्या होतात. कोवळ्या पेशीने चरबीची पेशी व्हावे, हा हुकूम मुख्यतः पीपीएआर-गॅमा या जनुकाचा. गाठीतला घोटाळा मात्र बहुधा दुसरीकडेच असतो.

बाराव्या गुणसूत्रावर एचएमजीए२ नावाचे जनुक आहे. गर्भ वाढताना ते जोरात काम करते आणि मोठेपणी जवळजवळ गप्प होते. १९९५ साली दोन गोष्टी कळल्या: हे जनुक नसलेले उंदीर खुजे राहतात आणि त्यांच्या अंगावर चरबी फार थोडी धरते, आणि माणसाच्या अनेक चरबीच्या गाठींत नेमके हेच जनुक तुटून, पुष्कळदा तिसऱ्या गुणसूत्राच्या तुकड्याला, जोडले गेलेले असते. २००७ सालचा शोध मला याहून सुंदर वाटतो. या जनुकाचा निरोप वाहणाऱ्या आरएनएच्या शेवटच्या भागावर लेट-७ नावाचे इवलेसे आरएनए येऊन बसतात आणि प्रथिन बनू देत नाहीत. जनुक तुटले की तो भागच गळतो, म्हणजे बैल तोच, पण वेसण तुटलेली. (सुंदर म्हटले म्हणून रागावू नकोस; गाठ तुझ्या खांद्यावर आहे, हे मी विसरलेलो नाही.) गर्भातले वाढीचे काम असे अवेळी, एकाच जागी पुन्हा सुरू होते, आणि त्याला तुझ्या ताटातल्या तेलाशी काही देणेघेणे नसते.

कर्करोगाचे विचारलेस. चरबीच्या कर्करोगाच्या एका मोठ्या प्रकारात याच बाराव्या गुणसूत्रावरच्या एमडीएम२ आणि सीडीके४ या जनुकांच्या प्रती अनेक पटींनी वाढलेल्या असतात. साध्या गाठीत तसे नसते, आणि तिचा कर्करोग होणे अत्यंत विरळ. गाठ ५ सेंटिमीटरहून मोठी, खोल, दुखरी किंवा भराभर वाढणारी असेल तर गोष्ट वेगळी. तुझी लिंबाएवढी, बोटाखाली सरकणारी आणि आठ वर्षे तशीच आहे. तरी एकदा सोनोग्राफी करून शल्यचिकित्सकांना दाखव, आणि अण्णांच्या दोन्ही दंडांवर अशाच गाठी होत्या हे त्यांना अवश्य सांग, कारण काही घराण्यांत त्या पिढ्यान्‌पिढ्या दिसतात. काढायचीच ठरली तर बहुधा तेवढीच जागा बधिर करून काढतील.

लातूरला जाण्याचा दिवस कळव, मी स्टँडवर येतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव