डोक्याला ‘करंट’ देण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी पतसंस्थेत रोखपाल आहे आणि सहा वर्षांपासून फायब्रोमायल्जियाने, म्हणजे अंगभर सतत दुखण्याच्या आजाराने, त्रस्त आहे. अंग ठणकतं, हे सांगता तरी येतं. पण शंभराच्या नोटा मोजताना चाळिशीच्या पुढे आकडा निसटतो, काउंटरपुढे रांग थांबलेली असते आणि मी तेच बंडल तिसऱ्यांदा हातात घेते, हे कुणाला सांगणार? रिपोर्ट नॉर्मल, म्हणून घरच्यांनाही हे ‘मनाचे खेळ’ वाटले. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०१० च्या निकषांत थकवा, झोपूनही न जाणारी मरगळ यांच्या जोडीने लक्ष आणि स्मरणाची तक्रारही धरलेली आहे, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणूनच २०१७ मध्ये ब्राझीलमधून प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला जवळचा वाटला. फायब्रोमायल्जिया असलेल्या ४० महिलांपैकी काहींच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागावर, कवटीच्या बाहेरून, २० मिनिटं अगदी सौम्य वीजप्रवाह सोडला. याला टीडीसीएस म्हणतात. हा शॉक नव्हे; भूल लागत नाही, कातडीला थोडं चुणचुणतं. लक्ष योग्य जागी वळवणं आणि विचलित न होणं यांत सुधारणा दिसली, उष्णतेच्या वेदनेची सहनशक्तीही वाढली. मात्र सावधपणात, म्हणजे चटकन सतर्क होण्यात, फरक पडला नाही, आणि हे सगळं एकाच बैठकीनंतरचं आहे.

गेल्या महिन्यात एका केंद्रात मला टीडीसीएसच्या वीस बैठकांचं पॅकेज सांगितलं. वर ‘गोळ्या सुटतील’ हेही. अशा अभ्यासांत काहींना खोटा करंट देतात: पट्ट्या त्याच, सुरुवातीची चुणचुण तीच, पण प्रवाह लगेच बंद. दुखणं नुसत्या आशेनेही कमी होतं, म्हणून ही तुलना हवीच. तुमच्या उपचाराची अशी तुलना झाली आहे का, असं मी विचारलं. उत्तर मिळालं नाही. पैसे भरून आलेल्या बायका मात्र बाहेर बाकावर बसल्या होत्या.

युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये ठाम शिफारस केली ती फक्त व्यायामाची. रोज वीस मिनिटं चालणं मलाही मानवलं आहे. तरी टीडीसीएसवर माझी आशा आहे, ती कुणी बाजारात विकू नये एवढंच.

आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या संधिवाततज्ज्ञाकडून यावर सविस्तर लिहून घ्यावं. आणि डॉक्टरांना विनंती : ‘कुठं दुखतं?’ या प्रश्नासोबत ‘कामात लक्ष लागतं का?’ हेही विचारा.

– एक वाचक, सातारा